त्रिशलाचा नेम

“त्या गोळीत जे जीव असतात, ते मरतात का हो डॉक्टर?”

माझ्या बायकोचा हा पहिला प्रश्न. डॉ. नसरीन मुजावर बराच वेळ कागदावर आतड्याच्या आकृत्या काढून आम्हाला नवा उपचार समजावून सांगत होत्या आणि शेवटी, काही शंका असतील तर विचारा, असं म्हणाल्या होत्या. आमची मुलगी चंदना हिनं कपाळाला हात लावला.

“आई, मी वाचेन का ते विचार की आधी.”

“तू गप गं. तुझं त्या बघतायत. त्यांचं कोण बघणार?”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मरत नाहीत, त्रिशलाताई. तुमच्या पोटातून निघतात आणि चंदनाच्या पोटात राहायला जातात. घर बदलतं, एवढंच.”

“मग हरकत नाही,” त्रिशला म्हणाली.

आम्ही जैन. माझं जैनपण बरंचसं पुस्तकांतलं, तिचं हातांतलं. तिच्या माहेरी, कृष्णाकाठच्या लहानशा गावात, विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून घेत आणि मग ते फडकं हलकेच उलटं धरून, त्यावर राहिलेलं पुन्हा त्याच विहिरीत सोडत. डोळ्यांना न दिसणारे जीव आपापल्या जागी परत जावेत म्हणून. लग्न होऊन मिरजेला आली, नळाचं पाणी आलं, तरी ती पाणी गाळतेच. फडकं कुठल्या विहिरीत सोडायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला इथं कधी मिळालं नाही.

चंदनाचा आजार मला पहिल्यांदा कळला तो तासगावच्या एका द्राक्षबागेत. ती ड्रोन उडवून बागांची पाहणी करायची. कुठल्या ओळीत डावणीचा रोग शिरला आहे, कुठे भुरी येऊ घातली आहे, हे पानाला डाग दिसण्याआधी तिला वरून कळायचं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी कधीमधी तिच्यासोबत जात असे, बांधावर बसून वाचण्यासाठी. त्या दिवशी ड्रोन बागेवर होतं आणि ती अचानक वाकली. हातातलं यंत्र माझ्या हातात कोंबून म्हणाली, “बाबा, हे धरा. काही करू नका, नुसतं धरा.” आणि बागायतदाराच्या घराकडे पळत सुटली.

मी ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. ड्रोन वर घोंघावत होतं. बागायतदार म्हणाला, “काका, खाली घ्या की.” मी म्हटलं, “मला येत नाही.” तो म्हणाला, “मग शेजारच्या बागंत तरी नेऊ नका, आमचा वाद चालूय.” चंदना परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती गाडीत बसली. मग समोर बघत म्हणाली, “रक्त पडतंय, बाबा. पुष्कळ महिने झाले.”

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मिरज-तासगाव रस्त्यावरच्या कुठल्या पेट्रोलपंपाचा संडास उघडा असतो आणि कुठल्या हॉटेलवाल्याला काय सांगितलं की तो आत जाऊ देतो, हे तिला पाठ होतं. कामाच्या दिवशी ती सकाळपासून काही खात नसे. पोटात पिळवटून यायचं, धावत जावं तर रक्त आणि आव, आणि परत आल्यावर पुन्हा जावंसं वाटत राहायचं. वजन उतरलं होतं. जिना चढताना ती मध्येच थांबायची, ते मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं की फोन बघत असेल. स्थळं नाकारताना ती म्हणायची, “लग्नात मंत्र चालू असताना नवरी उठून पळाली तर काय म्हणाल?” आम्हाला ती थट्टा वाटायची.

डॉक्टरांनी सांगितलेलं विज्ञान मला समजलं ते असं. जाणकारांना त्यात उणिवा दिसतील, त्यांनी त्या माझ्या समजाव्यात.

आपल्या मोठ्या आतड्यात अगणित जंतूंची वस्ती असते. आपल्याला न पचलेले तंतू, म्हणजे ज्वारीचा कोंडा, डाळींची सालं, भाजीचे दोर, हे त्यांचं अन्न. ते खाऊन त्यांतले काही जंतू एक आम्ल बनवतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्या आम्लावर पोसल्या जातात. आपण त्यांना जेवू घालतो, ते आपल्या आतड्याला. चंदनाच्या आजारात शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर तुटून पडते. असं का होतं, ते पुरतं कळलेलं नाही. अस्तराला व्रण पडतात, जंतूंची वस्ती उजाड होते आणि ती उजाडली की दाह आणखी भडकतो. फौजेला आवरणारी औषधं आहेत. चंदनाला त्यांतलं प्रत्येक औषध काही महिने लागू पडलं आणि मग बोथट झालं.

निरोगी माणसाची वस्ती आणून रोग्याच्या आतड्यात वसवायची, ही कल्पना जुनीच. पूर्वी ती एकदाच वसवत आणि ती टिकत नसे. नवा शोध होता तो पुन्हा पुन्हा पेरण्याचा. एकच दाता, जवळच्या नात्यातला. त्याच्याकडून दर आठवड्याला मैला घ्यायचा. डॉक्टरांच्या केंद्रातलं कपाटाएवढं यंत्र त्यातले जंतू वेगळे करून, गोठवून, वाळवून त्यांच्या गोळ्या बनवतं. त्या रोग्यानं रोज घ्यायच्या. दाता ठीक, तोवर रोगी ठीक. या केंद्राचं नाव कुणीतरी कौतुकानं ‘जंतुबाग’ ठेवलं होतं.

दाता म्हणून त्रिशला सगळ्यांत जास्त जुळली. मूल जन्मताना वाटेत आईच्या जंतूंची पहिली शिदोरी त्याला मिळते, असं डॉक्टर ओघात म्हणाल्या. चंदना पोट फाडून झालेली. त्रिशला घरी आली. मग चप्पल काढता काढता म्हणाली, “तेव्हा द्यायचं राहिलं माझ्याकडून. आता देते.”

मैला भरून न्यायच्या डब्याची तिला आधी लाज वाटली. नंतर ती स्वतःच रिक्षानं केंद्रात जाऊन देऊन यायची. “एवढी वर्षं स्वयंपाक केला, कुणी चांगला झालाय म्हटलं नाही. आता याला बघा, दारात उभं राहून धन्यवाद म्हणतात!” चंदना हसून हसून लोळायची.

केंद्रानं आमच्या संडासात एक पट्टी बसवून दिली होती. आतड्याला सूज आली की मैल्यात एक प्रथिन वाढतं, ते ती ओळखायची. दाराबाहेर चौकटीवर एक छोटा दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, दाह वाढू लागला की पिवळा, मग लाल. गोळ्या सुरू झाल्यावर तो हळूहळू हिरवा झाला आणि वर्षभर हिरवाच राहिला. चंदना पुन्हा बागांत जाऊ लागली. सकाळी खाऊन जाऊ लागली. एकदा येताना द्राक्षांची पेटी आणली आणि आम्ही तिघांनी ओसरीवर बसून ती जवळजवळ संपवली. त्रिशला येता-जाता त्या दिव्याकडे बघायची. देव्हाऱ्याकडे बघते तसं.

पुढच्या वर्षीच्या आषाढात दिवा एकदा पिवळा झाला.

“होतं असं मधूनमधून,” चंदना म्हणाली. “कालच्या लग्नात तिखट खाल्लंय.” दोन दिवसांत तो हिरवा झालाही, बहुधा आपोआपच. पण चातुर्मास सुरू होत होता. आमच्याकडे पावसाळ्याच्या या चार महिन्यांत बहुतेक बायका काही ना काही नेम घेतात. पालेभाजी सोडतात, कुणी एकवेळ जेवतात, कुणी मीठ वर्ज्य करतात. काय सोडलं ते सांगायचं नसतं आणि घरच्यांनी विचारायचं नसतं. मंदिरात आर्यिका माताजी, आमच्या साध्वी, चातुर्मासाला आल्या होत्या. तब्येतीला झेपेल का, असं त्यांनी विचारलं होतं म्हणे. त्रिशला झेपेल म्हणाली. आपण लेकीसाठी दाता आहोत, हे सांगायचं तिला सुचलं नसणार. केंद्रात तिला बजावलं होतं की आहार नेहमीचा ठेवा. तिच्या मते तो नेहमीचाच होता. चातुर्मासात ती दरवर्षी काहीतरी सोडतेच.

त्या वर्षी तिनं पालेभाजीबरोबर ताकही सोडलं, हे मला पुढे कळलं. दोन-तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा पिवळा झाला, आणि या वेळी तसाच राहिला. मग तिनं डाळी आणि कडधान्यं सोडली.

आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवतो. आम्हा दोघांना वाढून झालं की ती थोडी बाजूला, पूर्वेकडे तोंड करून बसायची आणि मौनानं जेवायची. मी जेवताना वाचतो. तिच्या ताटात काय होतं, हे मी सांगू शकलो नसतो.

चंदनाचे गुडघे दुखू लागले. एके सकाळी तिचा उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. तोंडात व्रण आले. नडगीवर जांभळट, दुखऱ्या गाठी उठल्या. हा सगळा पोटाचाच आजार, हे कुणाला सांगून पटेना. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे. मुजावर डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि गोळ्याही वाढवल्या, दिवसाला दुप्पट. दिवा लाल झाला. त्रिशलानं ज्वारी सोडली. आता दिवसातून एकदा, मिठाशिवाय, नुसता पांढरा भात.

“आई, किती वाळलीयेस,” चंदना एकदा म्हणाली.

“तुझ्या काळजीनं.”

“मग काळजी सोड.”

“ते तेवढं सुटत नाही बघ.”

भाद्रपद संपता संपता चंदनाला ताप भरला. पोट फुगून टणक झालं, रक्त जाणं वाढलं आणि मग विचित्रपणे सगळंच थांबलं. तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा नाडी पळत होती. आतडं फुगून लुळं पडलं होतं, कुठल्याही क्षणी फाटलं असतं. मुजावर डॉक्टर सर्जनशी बोलून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मोठं आतडं काढावं लागेल. आत्ताच.” सहीसाठी कागद माझ्यापुढे आला. चंदना स्ट्रेचरवर होती. तिनं माझा हात पकडला. ओठ कोरडे होते तिचे.

“काही करू नका, बाबा. नुसतं धरा.”

ती वाचली.

पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचं तोंड बाहेर काढून त्यावर पिशवी बसवली होती. पहिल्या दिवशी नर्सनं चादर बाजूला केली तेव्हा चंदनानं मान फिरवली. त्रिशलानं मात्र नीट बघितलं. लालसर, ओलं, लहानसं तोंड. “चिमणीच्या पिलासारखं आहे,” ती म्हणाली. मग बाहेर येऊन व्हरांड्यात मला विचारलं, “काढलेल्याचं काय करतात हो?”

“तपासायला पाठवतात.”

“आणि त्यातले माझे जीव?”

ती म्हणाली, “परत सोडायला जागाच राहिली नाही त्यांना.” आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. थोड्या वेळानं सावरून तिनं मला जे सांगितलं, ते नेम असूनही सांगितलं, कारण आता तिला ते सांगण्यासारखं वाटत होतं. आपण काय काय सोडलं, कधी सोडलं, आणि त्याचं फळ म्हणून पोर कशी मरणाच्या दारातून परत आली. “आता चार महिन्यांचं नाही. हे जन्मभर. मी मनात बोलले होते तसं.”

मी तिच्या मनगटाकडे बघत होतो. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

त्याच दुपारी मुजावर डॉक्टरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. शेवटच्या गोळ्यांमधल्या जंतूंची सगळी जातवारी, म्हणजे कुठली जात किती ते, त्यांनी करवून घेतली होती. रोगजंतू दर आठवड्याला तपासतात. ही जातवारी खर्चिक, म्हणून क्वचित करतात. “तंतू खाणाऱ्या जाती जवळजवळ संपल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “ज्या उरल्या, त्या वेगळ्या. तंतू मिळाले नाहीत की हे जंतू आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर खाऊ लागतात. निरोगी माणसाला ते काही काळ कळतही नाही. चंदनाला मात्र आपण रोज दुप्पट तेच देत होतो.” त्यांनी अहवाल मिटला. “हे आधी तपासायला हवं होतं. ती चूक आमची. पण मला कळत नाही... दात्याचं खाणं बदललं होतं का?”

मी हो म्हटलं असावं. निदान मान हलवली असावी.

“त्यांना मी सांगू का?”

“नको,” मी म्हणालो. एवढंच मी ठामपणे बोललो.

पुढचे काही दिवस मी ते घेऊन फिरलो. सांगावं, तर ती उरलेलं आयुष्य कशी काढेल? न सांगावं, तर तिच्याकडे फार आयुष्य उरणार नाही, हे दिसत होतं. मंदिराच्या पायरीवर तिला भोवळ आली. मी म्हटलं, “आता थोडं खायला लाग.” ती म्हणाली, “दिलेलं परत मागायचं? मग देव पोरीला परत मागेल.”

चंदना घरी आली. पिशवी बदलायला शिकली, रडली, पुन्हा शिकली. चौकटीवरचा दिवा विझलेला होता. त्याला आता वाचण्यासारखं काही नव्हतं. एका दुपारी आई दुकानात गेली असताना तिनं मला हाक मारली.

“बाबा, आई काय खाते?”

मी पुस्तक मिटलं.

“मी रोज बघतेय. नुसता भात. हे कधीपासून चाललंय?” तिनं इतकी वर्षं पानावर डाग पडण्याआधी रोग ओळखला होता. ती खिडकीकडे वळली. “दिवा पिवळा झाला की तिनं एक सोडलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिनं सोडलं की दिवा आणखी...”

“तिला माहीत नाही.”

“कळूही द्यायचं नाही.” तिनं डोळे पुसले. “पण तिला जेवायला घालायचं.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी चंदना स्वयंपाकघरात गेली. पोटाला एका हातानं आधार देत तिनं दोन भाकऱ्या थापल्या. वाकड्या झाल्या. मुगाची उसळ केली, मेथी परतली, ताक घुसळलं. आईला पाटावर बसवलं आणि ताट समोर ठेवलं.

“हे काय? मला चालत नाही यातलं.”

“चालवावं लागेल,” चंदना म्हणाली. “डॉक्टर म्हणाल्यात, सहा महिन्यांनी आत नवी पिशवी शिवतील, लहान आतड्याचीच. मग ही बाहेरची जाईल. पण त्या नव्या पिशवीलाही सूज येऊ शकते. तेव्हा पुन्हा गोळ्या लागतील. तुझ्या.”

त्यात खोटं काही नव्हतं. ‘लागतील’च्या जागी डॉक्टर ‘लागल्या तर’ म्हणाल्या होत्या, एवढंच.

त्रिशलाचा चेहरा उजळला. “म्हणजे अजून माझा उपयोग आहे?”

“आहे तर. पण दात्यानं सगळं खाल्लं पाहिजे. ज्वारी, डाळी, पालेभाजी. तुझ्या पोटात ते जीव पुन्हा वाढायला हवेत. नाहीतर गोळ्या लागूच पडत नाहीत.”

“आणि नेम?”

“नेम कुणासाठी होता?”

त्रिशला ताटाकडे बघत बसली. “प्रायश्चित्त घेईन माताजींकडून,” ती स्वतःशीच म्हणाली. हात जोडले. मग भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडाकडे नेला.

तिथेच हात थांबला.

मी पुस्तक समोर धरलं होतं, पण वाचत नव्हतो. तिची नजर तुकड्यावरून ताकाच्या वाटीवर गेली, मेथीवर गेली आणि मग दाराबाहेर, चौकटीवरच्या विझलेल्या दिव्यावर जाऊन थांबली. काही क्षण तिचे ओठ हलत होते. एकेक आठवत असावी.

“नाहीतर लागू पडत नाहीत,” ती म्हणाली.

“चंदे. मी सोडलं म्हणून?”

चंदना आईच्या समोर खाली बसली. पिशवीच्या बाजूनं अवघडून, जमिनीला हात टेकत. तिनं आईचं मनगट धरलं, तेच, बांगड्या सैल झालेलं. मला उठून जवळ जावंसं वाटलं. मी गेलो आणि दोघींशेजारी फरशीवर बसलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

त्रिशलाच्या डोळ्यांतून पाणी गालावरून ताटात पडत राहिलं. मग तिनं तो तुकडा तोंडात घातला आणि सावकाश, खूप सावकाश चावला. दुसरा तुकडा मोडला. उन्हं भिंतीवरून खाली उतरत होती आणि ती एकेक घास औषधासारखा घेत होती. भाकरी संपली. उसळ संपली. वाटीत बोट फिरवून तिनं तळाचं ताकही पुसून घेतलं.

मग हाताच्या मागच्या बाजूनं तिनं डोळे पुसले आणि ताट पुढे केलं.

“अजून अर्धी वाढ,” ती म्हणाली.